घरीं बनणारीं विद्युत्-वाद्यें आणि श्रुतींचा प्रश्न

लातूर-नांदेडकडील भजनाची बैठक डोळ्यांसमोर आणली, तर टाळ, पखवाज आणि पेटी हीं तिन्ही वाद्यें तींत आपोआप दिसूं लागतात. त्यांपैकीं पेटी तर इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, ती मूळची परमुलखांतली हें सांगितल्यावांचून कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पॅरिस येथील अलेक्झांद्र दबँ या कारागिरानें १८४२ च्या सुमारास 'हार्मोनियम' या नांवाचें वाद्य पुढें आणलें. तें पायानें भाता चालविण्याचें, खुर्चीवर बसून वाजविण्याचें अवजड वाद्य होतें. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याचें रूप पालटलें व एका हातानें भाता आणि दुसऱ्या हातानें पट्ट्या, अशी जमिनीवर बसून वाजविण्याची सोय केली. पुढें तीच पेटी नाटकमंडळ्यांत, देवळांत व घरोघर जाऊन बसली.

या प्रसाराचें श्रेय केवळ स्वस्ताईस देणें बरोबर होणार नाहीं. पेटीचा खरा गुण असा कीं, ती उघडतां येते. वरचें झांकण काढलें कीं सुरांची ओळ समोर दिसते. कोणता सूर बसला आहे, वारा कोठून निसटतो आहे, हें डोळ्यांनीं पाहून कळतें. पितळेचा सूर टोंकाशीं किंचित् घासला तर स्वर चढतो, मुळाशीं घासला तर उतरतो. एवढें ज्ञान असलेला मनुष्य तालुक्याच्या गांवींहि सांपडे. ज्या वस्तूचें पोट उघडून पाहतां येतें व जींत आपल्या सोयीप्रमाणें फेरफार करतां येतो, ती वस्तु फार काळ परकी राहत नाहीं.

विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या बाबतींत मात्र गेलीं पन्नास वर्षें याच्या उलट प्रकार चालत आला. सिंथेसायझर हें वाद्य तार, कातडें किंवा वारा यांपैकीं कशाचाहि आधार न घेतां विजेच्या आंदोलनांतून स्वर उत्पन्न करतें. अमेरिकेंत रॉबर्ट मूग व डॉन बुक्ला यांनीं १९६० नंतरच्या दशकांत त्यास आजचें स्वरूप दिलें. भारतांत तें फार उशिरां आलें असें नाहीं. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत १९६९ सालींच डेव्हिड ट्यूडर यांच्या हस्तें मूगचें एक मोठें यंत्र उभें राहिलें होतें. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत केर्सी लॉर्ड यांनीं हें वाद्य रुळविलें. त्याच मुंबईंत १९८२ सालीं चरणजित सिंग यांनीं जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तिचें महत्त्व जगाला कळावयास २०१० साल उजाडावें लागलें. परंतु हीं सर्व यंत्रें सामान्य कुटुंबाच्या आवांक्याबाहेरचीं होतीं, आणि त्यांचीं पोटें मिटलेलीं होतीं. आंतील जोडणीचा नकाशा कारखानदाराच्या कपाटांत. एखादा भाग जळला तर तोच भाग त्याच कारखान्याकडून मिळेल तेव्हां मिळावयाचा. १९७९ सालीं बंगळूरच्या जी. राज नारायण यांनीं विजेचा तंबोरा बनविला व त्याची गवयांस फार मोठी सोय झाली. तथापि अशा पेटींतील गुण-दोष वापरणाऱ्यानें जसेचे तसे स्वीकारावयाचे, हा दंडक कायमच राहिला.

तो दंडक गेल्या वीस वर्षांत मोडला. इटलींतील इव्हरेआ या गांवीं २००५ सालीं कलाशिक्षणाच्या विद्यार्थ्यांकरितां 'आर्डुइनो' नांवाची एक लहानशी पाटी तयार करण्यांत आली. तीवर एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोटाएवढा गणकयंत्राचा तुकडा, बसविलेला असतो, आणि त्याला काय काम सांगावयाचें तें घरच्या संगणकावरून लिहून देतां येतें. या पाटीचा संपूर्ण आराखडा तिच्या कर्त्यांनीं सर्वांस खुला करून टाकला. कोणींहि तो पाहावा, त्याप्रमाणें पाटी बनवावी, तींत सुधारणा करावी, आणि वाटल्यास विकावीहि. अशा यंत्रांस मुक्त आराखड्याचीं यंत्रें म्हणतात. त्यांची रीतसर व्याख्या २०११ सालीं ठरविण्यांत आली. परिणाम असा झाला कीं, त्याच आराखड्यावरून ठिकठिकाणीं बनलेल्या पाट्या आज कांहीं शेंकडा रुपयांत मिळतात. अशा पाटीपासून वाद्य कसें होतें, हें समजण्यास विजेचें फारसें ज्ञान लागत नाहीं.

प्रथम सर्वांत साधा प्रकार घ्यावा. घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी नळानें हळूहळू भरत आहे, आणि ती दोन-तृतीयांश भरली कीं खालची तोटी आपोआप उघडून एक-तृतीयांश पाणी उरेपर्यंत वाहते, अशी कल्पना करावी. टाकी पुन्हां भरेल, पुन्हां रिती होईल, व हा क्रम अखंड चालू राहील. विजेच्या जोडणींत टाकीचें काम कंडेन्सर करतो, नळाच्या चावीचें काम रेझिस्टन्स करतो, आणि तोटी उघडण्या-मिटण्याचें काम '५५५' या क्रमांकाची एक चिमुकली आयसी करते. हॅन्स कॅमेन्झिंड यांनीं १९७१ सालीं तिची रचना केली. आजहि ती दहा-वीस रुपयांत मिळते. कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचा, एक रेझिस्टन्स एक हजार ओहमचा व दुसरा साडेएकोणतीस हजार ओहमचा घेतला, तर हें भरणें-रितें होणें सेकंदाला २४० वेळां घडतें. तेंच आंदोलन कर्ण्याला, म्हणजे स्पीकरला, पोंचविलें कीं एक स्थिर स्वर ऐकूं येतो. दुसऱ्या रेझिस्टन्सच्या जागीं फिरविण्याचा व्हॉल्यूम बसविला, तर स्वर चढवितां-उतरवितां येतो. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारें हें जगांतील सर्वांत स्वस्त सिंथेसायझर होय.

परंतु त्याचा आवाज कर्कश असतो, आणि उन्हाळ्यांत व हिवाळ्यांत त्याचा स्वर सारखा राहत नाहीं. मायक्रोकंट्रोलरचा मार्ग याहून निराळा व अधिक काटेकोर आहे. त्याच्या स्मरणांत एका आंदोलनाचा आकार २५६ आंकड्यांच्या कोष्टकांत मांडून ठेवलेला असतो. आर्डुइनोकरितां टिम बॅरस यांनीं लिहिलेली 'मोझी' नांवाची मुक्त आज्ञावली घेतली, तर यंत्र सेकंदाला १६,३८४ वेळां या कोष्टकांतून एकेक आंकडा उचलून कर्ण्याकडे पाठवितें. प्रत्येक वेळीं किती घरें पुढें जावयाचें, यावर स्वराची उंची ठरते. पाऊल ३.७५ घरांचें असेल तर सेकंदाला बरोबर २४० आंदोलनें होतात. हा षड्ज मानला तर पंचमासाठीं तेंच पाऊल दीडपट, म्हणजे ५.६२५ घरांचें करावयाचें. अर्थात् येथें स्वर म्हणजे पितळेची पट्टी नाहीं, तारेची लांबी नाहीं. स्वर म्हणजे कागदावर लिहिलेली एक संख्या आहे, आणि ती संख्या खोडून दुसरी लिहिण्यास पैसा पडत नाहीं.

या एका गोष्टीचें महत्त्व महाराष्ट्राइतकें दुसऱ्या कोणास क्वचितच पटावें. कारण पेटीच्या स्वरांविषयींचा वाद येथेंच फार हिरीरीनें लढला गेला. पेटीच्या एका सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. षड्ज २४० आंदोलनांचा धरल्यास तंबोऱ्याच्या तारेंतून स्वयंभू उमटणारा गांधार ३०० आंदोलनांचा होतो. पेटीचा गांधार मात्र ३०२.४ च्या जवळ जातो. शुद्ध धैवत ४०० चा, तर पेटीचा ४०३.६ चा. पंचमाचा फरक अर्ध्या आंदोलनाहूनहि कमी, म्हणून तो कानास टोंचत नाहीं. गांधाराचा फरक मात्र लपत नाहीं. षड्जाच्या तारेंत पांचपट उंचीचा सूक्ष्म स्वर मिसळलेला असतो, तो १२०० आंदोलनांचा. पेटीच्या गांधारांतील चौपट उंचीचा स्वर १२०९.५ चा. हे दोन्ही एकत्र आले कीं सेकंदाला नऊ-दहा वेळां आवाजांत कंप उठतो. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानास पेटीचा गांधार चढा लागतो तो यामुळेंच. ती नुसती समजूत नव्हे.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं याच प्रश्नाचा ध्यास घेतला होता. सरकारी नोकरींतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं बावीस श्रुतींचीं आंदोलनें मोजण्याचा प्रयत्न केला व १९१० सालीं त्यावर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. अब्दुल करीम खां यांच्यासारख्या गवयाचें साहाय्य त्यांस लाभलें. सनदी नोकरींतील अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनीं त्यांस साथ दिली, आणि या श्रुतींची एक पेटी लंडनहून बनवून आणण्यांत आली. १९१६ सालीं बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेंत तीवर कडाक्याचा वाद झाला; पंडित विष्णु नारायण भातखंडे यांस ती मान्य झाली नाहीं, व प्रकरण तेथेंच थंडावलें. कोणाचें म्हणणें बरोबर, हा येथें प्रश्न नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, तो वाद स्वतःच्या कानांनीं पारखून पाहण्याचें साधन मूठभर लोकांपाशींच होतें. एक श्रुति दोन आंदोलनांनीं उतरवून पाहावी असें कोणास वाटलें, तर त्यानें लंडनला पत्र लिहावें काय?

पुढें १९४० च्या मार्च महिन्यापासून ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपलें दार बंद केलें. पेटीचे स्वर ठरीव, तिच्यांत मींड निघत नाहीं, असे आक्षेप होते, आणि रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचा त्यास पाठिंबा होता. ज्या महाराष्ट्रांत गोविंदराव टेंबे यांनीं पेटीस मैफलीचें मानाचें स्थान मिळवून दिलें, तेथील वादकांस ही बंदी जिव्हारीं लागल्यास नवल नाहीं. १९७१ सालीं ती बऱ्याच अंशीं उठली. त्यानंतरच्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली; तींत षड्ज व पंचम हे अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांस प्रत्येकीं दोन श्रुतींपैकीं हवी ती निवडण्याची सोय आहे. युक्ति सुंदर आहे. परंतु तेथेंहि प्रत्येक श्रुतीला स्वतंत्र सूर लागतो, आणि त्या मानानें श्रम व किंमत वाढतात.

मायक्रोकंट्रोलरच्या वाद्यांत हीच निवड एका कोष्टकांतील बारा संख्या बदलून होते. याचें सर्वांत मनोरंजक उदाहरण पुन्हां पॅरिस शहरानेंच दिलें आहे. तेथील एमिली जिले यांनीं 'म्यूटेबल इन्स्ट्रुमेंट्स' या आपल्या छोट्या कारखान्यांतून २०१० च्या सुमारास एक स्वस्त सिंथेसायझर सुट्या भागांच्या रूपानें विकावयास काढलें. घेणाऱ्यानें घरीं बसून भागांना डाग द्यावयाचे व वाद्य उभें करावयाचें. त्याचें नांव त्यांनीं 'श्रुति-१' असें ठेवलें. नांवापुरतेंच तें भारतीय नव्हतें. समान बारा भागांच्या सप्तकाबरोबर भैरव, मारवा, पूर्वी, यमन, मालकंस अशा रागांच्या नांवांनीं निरनिराळ्या स्वरजुळण्याहि त्यांत भरलेल्या होत्या. दबँची पेटी ज्या शहरांतून निघाली, त्याच शहरांतून पावणेदोनशें वर्षांच्या आंतच हें दुसरें वाद्य निघालें. आणि पहिलीवर जो मुख्य आक्षेप होता, त्याचें उत्तर दुसऱ्यांत आंकड्यांच्या रूपानें घातलेलें होतें.

त्या कोष्टकांतील मारवा सर्वांस पटेलच असें नाहीं. परंतु येथेंच मुक्त आराखड्याचा उपयोग ध्यानांत येतो. न पटल्यास आज्ञावली उघडावी, ऋषभाची संख्या बदलावी, आणि ऐकावें. हा कारखाना २०२२ सालीं बंद झाला. तरी वाद्याचा नकाशा, भागांची यादी व आज्ञावली सर्वांस उपलब्ध असल्यामुळें तें वाद्य आजहि कोणास बनवितां येतें. बंद पडलेल्या कारखान्याचें मिटलेलें यंत्र ही अडगळ होते. उघड्या आराखड्याचें यंत्र कारखान्यामागें जगतें.

आतां या वाद्यांच्या मर्यादाहि स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. संख्या हवी तशी बदलली तरी पट्ट्या त्या पट्ट्याच राहतात. मींड काढावयाची तर पट्टीऐवजीं बोट सरकविण्याची पट्टी किंवा चाक बसवावें लागतें. आज्ञावली तें काम सहज करते, पण वाजविणाऱ्या हाताला तें कोणतीहि आज्ञावली शिकवीत नाहीं. तसेंच, श्रुति ही निर्जीव संख्या नव्हे. गवई दरबारीचा गांधार आंदोलित करतो तेव्हां तो एका जागीं उभाच राहत नाहीं. त्यास एकच आंकडा चिकटविणें म्हणजे वाहत्या पाण्याला खिळा मारण्यासारखें आहे. यंत्रानें कान तयार करण्यास मदत घ्यावी. कान यंत्राच्या स्वाधीन करूं नये. स्वस्त आठ-अंकी पाट्यांचा आवाजहि थोडा खरखरीत निघतो. तो दोष कमी करावयाचा तर रास्पबेरी पाय पिको यासारखी, २०२१ सालीं अवघ्या चार डॉलरांस बाजारांत आलेली, अधिक बलवान् पाटी घ्यावी.

लातूर किंवा नांदेडसारख्या शहरांतील हौशी मनुष्यास सुरुवात कशी करतां येईल? प्रथम ५५५ ची आयसी, पांच-दहा रेझिस्टन्स, दोन-चार कंडेन्सर, एक छोटा स्पीकर, आणि डाग न देतां भाग खोंचून जोडावयाची ब्रेडबोर्ड नांवाची पाटी, एवढें साहित्य पुरे. पुण्याच्या बुधवार पेठेंत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तें सारें मिळतें, आणि टपालानेंहि येतें. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानांत त्यांतील बरेंचसें सांपडतें. एकदां स्वर निघाला कीं आर्डुइनो घ्यावें, मोझीचीं तयार उदाहरणें चालवून पाहावीं, व मग स्वतःचें कोष्टक लिहावें. सारें काम बॅटरीवर अथवा संगणकाच्या पांच व्होल्टांवर करावें. भिंतीवरील विजेशीं नवशिक्यानें खेळूं नये. वीज गेली तरी बॅटरीवरचें वाद्य चालू राहतें, हा लाभ निराळाच. कानाला लावावयाच्या हेडफोनला पाटीचा तोंडचा आवाज थेट देऊं नये. मध्यें रेझिस्टन्स घालावा, व प्रथम आवाज अगदीं लहान ठेवावा. डाग देतांना खिडकी उघडी असावी, आणि शिशाच्या तारेला हात लावल्यावर हात धुवावे.

लातूरास तंत्रनिकेतन आहे, नांदेडास १९८१ पासून अभियांत्रिकीचें मोठें विद्यालय आहे. दोन्ही शहरांत शाळांची व शिकवणीवर्गांची वाण नाहीं. भौतिकशास्त्रांतील आंदोलन, प्रतिध्वनि, विद्युत्-धारिता हे विषय विद्यार्थी परीक्षेसाठीं पाठ करतात. तेच विषय हाताशीं घेऊन ३०० आणि ३०२.४ यांतील कंप त्यांनीं एकदां स्वतःच्या कानांनीं ऐकला, तर पाठांतराची गरजच उरणार नाहीं. शेजारच्या भजनी मंडळांतील वृद्ध पेटीवाल्यास त्यांनीं तें कोष्टक ऐकवावें व त्याच्या सांगण्यावरून एकेक श्रुति चढवावी-उतरवावी. अशा एका बैठकींत विज्ञानाच्या विद्यार्थ्याला संगीत कळेल, आणि पेटीवाल्याला ज्या गोष्टीची आयुष्यभर चुटपुट लागून राहिली तिचें कारण कळेल.

मुक्त आराखड्याचा लाभ घेणाऱ्यावर एक ऋणहि येतें. असे पुष्कळसे आराखडे या अटीवर दिलेले असतात कीं, त्यांत सुधारणा करून त्या प्रसिद्ध करणारानें त्या तशाच खुल्या ठेवाव्यात व मूळ कर्त्याचें नांव द्यावें. आपल्याकडे घराण्याची चीज चोरून ठेवण्याची चाल होती. तींत किती चिजा बुडाल्या याची गणती नाहीं. तोच प्रकार यंत्रांच्या बाबतींत पुन्हां होऊं नये. या विषयावरील बहुतेक लेखन आज इंग्रजींत आहे. लातूरच्या एखाद्या विद्यार्थ्यानें कानडा-अंगाच्या रागांसाठीं एखादें कोष्टक जुळविलें, तर त्याची कृति मराठींत लिहून सर्वांपुढें ठेवणें हें त्या कोष्टकाइतकेंच मोलाचें काम ठरेल.

देवलांच्या वेळीं श्रुतींचा न्याय परिषदेंतील विद्वानांनीं केला, आणि रेडिओच्या वेळीं तो अधिकाऱ्यांनीं केला. पेटी वाजविणाऱ्या सामान्य माणसाला दोन्ही वेळां कोणीं विचारलें नाहीं, कारण त्याच्यापाशीं फेरफार करून दाखविण्याजोगें साधन नव्हतें. तें साधन आतां कांहीं शेंकडा रुपयांत त्याच्या हातीं आलें आहे. त्यावर नुसतीं तयार गाणीं वाजवावयाचीं, कीं शंभर वर्षें अर्धवट राहिलेला एक प्रश्न स्वतःच्या कानांनीं तपासावयाचा, याचा निर्णय त्यानेंच करावयाचा आहे.